बारा नंबरचं दार

ट्रेवर एन्टविसलने लाकडी चमच्याच्या टोकाला पत्रक गुंडाळलं आणि दहा नंबरच्या दारातल्या टपालाच्या फटीतून हळूच आत सरकवलं. आतल्या कुत्र्याने पत्रक, त्यावरचा उमेदवाराचा फोटो आणि चमच्याचा पाव हिस्सा एकाच घासात गट्ट केला. ट्रेवरने उरलेला चमचा बाहेर ओढला, आपली बोटं मोजली, दहा भरली, आणि यादीवर खूण केली : ‘निळे. कुत्रासुद्धा.’

हॅदरस्लॅक गावात तो सेहेचाळीस वर्षं लाल पक्षासाठी दारं वाजवत होता. खिडकीचे पडदे, पायपुसण्याची दिशा आणि कुंडीतल्या फुलांची तब्येत एवढ्यावरून घंटा वाजायच्या आत त्याला घरातलं मत कळायचं. एकदा त्याने टेंटर गल्लीतून एकसष्ट मतं येणार असं छातीठोक सांगितलं होतं. आली साठ. एकसष्टावे हार्ग्रीव्ह्ज त्याच सकाळी दाढी करता करता गेले, आणि हा दोष ट्रेवरचा धरता येत नाही, हे विरोधातल्या निळ्यांनीही कबूल केलं होतं.

गल्लीच्या कोपऱ्यावर पक्षाची नवी संघटक साजिदा टॅब्लेट घेऊन उभी होती. मतदानाला सहा दिवस उरले होते.

“ट्रेवर अंकल, बारा नंबर रिकामा दिसतोय.”

“बारा नंबर माझं घर आहे गं.”

“तुमचं नाव भरलंय. डॉरीन आंटींचं रिकामं आहे. मी जुने सगळे कागद काढून बघितले. सेहेचाळीस वर्षांत त्यांना कुणी विचारलेलंच नाही.”

“तिला काय विचारायचं? ती माझी बायको आहे!”

साजिदा गोड हसली. “मागच्या वेळी आपण एकोणतीस मतांनी पडलो. त्यातल्या किती नवऱ्यांनी हेच सांगितलं असेल?”

ट्रेवरने उत्तर तयार केलं होतं. पण तेवढ्यात बारा नंबरचं दार उघडलं आणि निळ्यांचा जेराल्ड पिकप बाहेर आला. कोटावरचे केकचे कण झटकत, शीळ घालत.

“लिंबाचा होता,” ट्रेवरजवळून जाताना तो म्हणाला. “दर शुक्रवारी असतो. तुला ठाऊक नाही? हां, तू या वेळी फिरतीवर असतोस, नाही का!”

एन्टविसलांच्या घरचं मत निळ्यांच्या यादीत गेलं तर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. आणि निळ्या घराच्या दिवाणखान्यात त्याने कुठे बसायचं हाही प्रश्नच होता. ट्रेवर आपल्या दारापुढे आला. खिशात किल्ली होती. त्याने छातीवरचं लाल फितीचं फूल सरळ केलं, घंटा वाजवली आणि शिस्तीप्रमाणे दोन पावलं मागे सरला.

डॉरीनने दार उघडलं. तिने त्याला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

“कोण हवंय आपल्याला?”

“डॉरीन, मी आहे.”

“ते दिसतंय. पण घंटा वाजवलीत, फूल लावलंय, म्हणजे पक्षाच्या कामाने आलात. बोला. आणि तो चमचा माझा आहे. या निवडणुकीतला तिसरा.”

ट्रेवरने चमचा पाठीमागे धरला आणि घसा खाकरला. “मॅडम, येत्या गुरुवारी आमच्या उमेदवारांना आपला पाठिंबा—”

“अठ्ठावन्न नंबरची बस का बंद झाली?”

“त्या बाबतीत आमचा पक्ष अत्यंत गंभीर असून—”

“हे पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे. घरात चारशे पत्रकं पडली आहेत, जेवणाचं टेबल दिसत नाही. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

ट्रेवरला स्वतःला काय वाटतं हे यादीत कुठेच नव्हतं. त्याने पाय बदलला.

“जेराल्डने काय सांगितलं बसबद्दल?”

“जेराल्ड काही सांगत नाही. विचारतो.”

“काय विचारतो?”

“तुम्हाला काय वाटतं, मिसेस एन्टविसल, असं विचारतो. मग केक खातो आणि ऐकतो. पिवळ्यांची बाई बुधवारी येते, तीही ऐकते. तिला मात्र जिंजर बिस्किटं लागतात.”

एका दारावर तीन मिनिटं, हा पक्षाचा नियम. ट्रेवरनेच तो नव्या पोरांना शिकवला होता. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं, बाही खाली ओढून ते झाकलं आणि टोपी काढली.

“बरं. मिसेस एन्टविसल, तुम्हाला काय वाटतं?”

डॉरीनने ॲप्रन सोडला, त्याची घडी केली आणि दाराच्या पायरीवर बसली. शेजारची जागा तिने हाताने झाडली. ट्रेवर बसला.

तिने बसपासून सुरुवात केली. बस गेल्यामुळे बहीण मेव्हिसकडे जायला तीन मैल चढ, हे त्याला माहीत होतं. त्यासाठी डॉरीन एकटी नगरसभेत जाऊन उभी राहून बोलली होती, हे माहीत नव्हतं. मग शाळेतलं जेवण आलं. तिथे तिने बावीस वर्षं वाढपाचं काम केलेलं, त्यामुळे कुठल्या सरकारात वाटाणे किती कमी झाले याचा हिशेब तिला तोंडपाठ. तिन्ही पक्षांचे जाहीरनामे तिने पेन्सिल घेऊन वाचले होते. लालांच्या चौदाव्या पानावर एक मोठं भोक आहे, असं तिचं म्हणणं. ट्रेवर चौदाव्या पानापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

“पण त्यामागे एक कारण—” त्याने तोंड उघडलं.

डॉरीनने बोट वर केलं. “घंटा तुम्ही वाजवलीत.”

ट्रेवरने यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला.

समोरून जाणाऱ्या हिल्डा क्लेगने थांबून विचारलं, “काय रे ट्रेवर, बाहेर काढलं का अखेर?”

“प्रचार चाललाय,” डॉरीन म्हणाली. “मध्ये बोलू नकोस.”

दहा नंबरचा कुत्रा कुठून तरी सुटून आला आणि फूटपाथवर पसरला. रेल्वेच्या प्रश्नावर त्याने एकदा मान वर केली आणि परराष्ट्र धोरणावर झोपून गेला, असं हिल्डा अजून शपथेवर सांगते.

गिरणीच्या घड्याळात सातचे ठोके पडले तशी डॉरीन उठली.

“उरलेलं मंगळवारी. लिंबाचा की आल्याचा?”

“लिंबाचा,” ट्रेवर म्हणाला. मग घाईने, “जमेल ना तुम्हाला?”

“बघते,” ती म्हणाली, आणि दार लावताना तिचा चेहरा वळलेला होता, त्यामुळे ती हसली का हे ट्रेवरला दिसलं नाही. पडद्यांवरून मतं ओळखणारा माणूस बंद दाराकडे बघत जरा वेळ तसाच उभा राहिला.

कोपऱ्यावर साजिदा ताटकळली होती.

“अंकल, पाऊण तास! मला वाटलं तुम्ही जेवून घेतलंत. काय झालं? आपल्या की त्यांच्या?”

ट्रेवरने यादी पुढे केली. मागची बाजू कडेपर्यंत बारीक अक्षरात भरलेली होती, समासातसुद्धा. पुढच्या बाजूला बारा नंबरचा चौकोन कोराच होता.

“मंगळवारी परत जायचंय.”

“पण निदान कल कुणाकडे आहे?”

“ते विचारायचंच राहिलं,” ट्रेवर म्हणाला. कुत्र्याने पाव खाल्लेला चमचा त्याने काखेत मारला. “बाजार किती वाजेपर्यंत उघडा असतो गं? तीन चमचे घ्यायचेत.”