बटण नसलेली वस्ती

मुलांसमोर जातीचा विषय काढायचा नाही, हा आमच्या घरातला नियम मी केला होता. माझ्या नवऱ्यानं, प्रबुद्धनं नाही, मीच. तनिषा शाळेत जायला लागली तेव्हा मी सासऱ्यांना म्हटलं, "दादासाहेब, मुलं लहान आहेत. इथे इल्फर्डमध्ये कोणाला काय पडलंय? मोठी झाली की सांगू." ते "बरं" म्हणाले. हा माणूस ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, सिग्नलवर चाळीस वर्षं नोकरी करून रिटायर झाला आणि तेव्हापासून कौन्सिलला, विहारात, युनिव्हर्सिटीत, जिथे बोलावतील तिथे जाऊन जातीवर बोलतो. अख्ख्या लंडनला सांगायचं आणि स्वतःच्या नातवंडांसमोर गप्प बसायचं. चार वर्षं त्यांनी ते पाळलं. मला ते माझं शहाणपण वाटायचं.

या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही पाचही जण जपानला गेलो. टोकियोत तीन दिवस काढून मग एका जुन्या गावी, किल्ल्याच्या पायथ्याशी चारशे वर्षांपूर्वी वसवलेल्या. गावाचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेल. शत्रूला सरळ येता येऊ नये म्हणून मुद्दाम वाकड्या काढलेल्या गल्ल्या, मातीच्या भिंती, खंदकात हे एवढाले मासे. छान होतं सगळं, पण आठ वर्षांची एक आणि पाच वर्षांचा एक घेऊन किल्ला चढून बघा! आत लाकडी जिने, जवळजवळ शिड्याच. बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात धरून चढायचं. कबीरला सामुराय बघायचे होते आणि वर पोचल्यावर तिथे नुसता वारा निघाला. त्यानं जे भोकाड पसरलं, ते खाली आईस्क्रीमच्या दुकानापर्यंत. माझं डोकं उठलं होतं. प्रबुद्ध त्याला घेऊन बाकावर बसला आणि आम्ही तिघं शेजारच्या म्युझियममध्ये गेलो.

तिथे अख्ख्या गावाचं मॉडेल होतं, काचेखाली, लाकडाच्या इटुकल्या घरांचं. पुढे बटणांची रांग. लाल दाबलं की किल्ल्याभोवतीची सामुरायांची घरं उजळायची, निळं दाबलं की व्यापाऱ्यांची, पिवळ्यानं देवळं, हिरव्यानं गावाबाहेरचे शेतकरी. हायाशी नावाच्या एक म्हाताऱ्या बाई तिथे हौसेनं गाइडचं काम करत होत्या. इंग्लिश सावकाश बोलायच्या, पण स्वच्छ. तनिषानं सगळी बटणं चार-चारदा दाबली आणि मग विचारलं, "मम्मी, आमचा घर कुठे असला असता?"

"आमचं. असतं," मी म्हटलं. व्याकरण सुधारण्यात माझा हात कोण धरणार!

मी तिचा प्रश्न इंग्लिशमध्ये सांगितल्यावर हायाशीबाईंनी हसत विचारलं, घरचे काय करतात? मम्मी लोकांचे डोळे तपासते, डॅडी कॉम्प्युटरवर असतो, असं सांगून तनिषा म्हणाली, "पण तसं नाही. लाँग अगो. आजोबा, तुमचे आजोबा काय करायचे?"

दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं पाहिलं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस आणि मी त्यांची सून. मी नुसतं 'सांगा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी चटकन म्हणाले, "शेतकरी होते. फार्मर्स." तनिषानं हिरवं बटण दाबलं, शेतातली घरं उजळली आणि ती खूष झाली.

 तनिषा पलीकडे कागदाचं शिरस्त्राण करायला गेल्यावर दादासाहेबांनी हायाशीबाईंना हळूच विचारलं, "मेलेली गुरं ओढून नेणारे लोक कुठे राहायचे? कातडं कमावणारे? त्यांचं बटण कुठलं?"

बाईंचं हसू गेलं. "त्यांचं बटण नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं, नदीपलीकडे. तिथे मॉडेलमध्ये एकही घर नव्हतं, नुसता हिरवा रंग मारलेला. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या की जुन्या नकाशांत त्या वस्तीचं नाव आहे, पण आम्ही दाखवत नाही. अजूनही काही लोक मुलामुलीचं लग्न ठरवताना समोरच्याचं घराणं कुठल्या वस्तीतलं ते शोधून काढतात. नाव लपवलं तर निदान त्यांची पोरं सुटतात, म्हणून.

दादासाहेब मान हलवत राहिले. मला मात्र एक फोन आठवला. मी माझ्या बाबांना ठाण्याला फोन करून प्रबुद्धबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी तो काय शिकलाय विचारलं नव्हतं, दिसतो कसा विचारलं नव्हतं. "आडनाव काय?" गजभिये म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला, तो दोन वर्षं उचलला नाही. आम्ही करंदीकर. हे मुलांना कधीच माहीत नव्हतं. ठाण्याचे आजोबा व्हिडिओ कॉलवर गोड बोलतात, एवढंच त्यांना माहीत.

परतीच्या विमानात मी स्वतःला समजावत होते की शेतकरी काय आणि दुसरं काय, आठ वर्षांच्या पोरीला काय फरक पडतो? तसंही ती विसरेल.

ती कसली विसरतेय! सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि तिच्या टीचरनं ठरवलं की शुक्रवारी दुपारी वर्गात कोणाचे तरी आजी-आजोबा येऊन जुन्या काळच्या गोष्टी सांगतील. तनिषानं हात वर केला, माझे आजोबा इंडियातल्या फार्मिंगबद्दल सांगतील म्हणून. घरी येऊन तिनं त्यांना फर्मावलंसुद्धा. मला वाटलं, आता हे काहीतरी सबब सांगतील. दादासाहेब म्हणाले, "येतो की."

मी दोन दिवस त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. प्रबुद्ध म्हणाला, "तूच निस्तर." बरोबरच होतं त्याचं, तरी मी त्याच्यावर भडकले.

गुरुवारी मुलं शाळेतून आली आणि टेबलाशी बसली. त्यांना पोहे देऊन मी आमच्यासाठी आणखी परतत होते. दादासाहेब वही घेऊन स्वयंपाकघरात आले, चष्मा नाकावर, आणि मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "मृणाल, ज्वारी कुठल्या महिन्यात पेरतात गं?"

"मला काय माहीत? मी ठाण्याची."

"नाही, पोरं उद्या प्रश्न विचारतील ना. यूट्यूबवर बघितलं मी, पण तिथे ट्रॅक्टरच आहेत सगळे. बैलांचं काय काय सांगावं?" त्यांनी वही माझ्यापुढे धरली. नांगर, तिफण, पाभर असे शब्द ओळीनं लिहिलेले, पुढे अर्थ, शाळेतल्या मुलासारखे. "जिवंत बैलाचं मला काही ठाऊक नाही बघ. आमच्या घरी तो मेल्यावरच यायचा."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी सहन केला असता, उलट दोन शब्द सुनावलेही असते. तो माणूस खरंच अभ्यास करत होता. माझं खोटं वर्गात उघडं पडू नये आणि नातीची मान खाली जाऊ नये म्हणून, जन्मभर ज्याबद्दल भांडला ते खिशात घालून तो उद्या तीस मुलांसमोर शेतकरी व्हायला निघाला होता. मी गॅस बंद केला. मला रडू येत होतं आणि स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"तनिषा," मी टेबलाशी जाऊन म्हटलं, "मम्मी जपानमध्ये खोटं बोलली. आजोबांचे आजोबा शेतकरी नव्हते."

"व्हाय वुड यू लाय?"

"कारण मला लाज वाटत होती. आजोबांची नाही. माझी."  मी दादासाहेबांकडे पाहून म्हटलं, "सांगा तुम्ही. सगळं सांगा."

ते तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. माझ्यापेक्षा किती साधं सांगितलं. गावाबाहेरचं घर. मेलेली गुरं ओढायचं काम, जे दुसरं कोणी करायचं नाही आणि केलं म्हणून यांनाच घाण म्हणायचं. गावाच्या विहिरीला हात लावायचा नाही, पाणी कोणी वरून ओतलं तर ओंजळीत प्यायचं. मग बाबासाहेबांचं ऐकून त्यांच्या वडिलांनी ते काम कसं सोडलं आणि पोराला शाळेत कसं घातलं. कबीर पोहे खायचा थांबला होता. "उद्या वर्गात हेच सांगू का?" त्यांनी तिला विचारलं. मला नाही, तिला. तिनं मान हलवली.

मग तिनं विचारलं, "अँड मम्मीचा घर?"

"मम्मीचं घर खूप लांब, ठाण्याला," दादासाहेब लगबगीनं म्हणाले. मला वाचवत होते.

"नाही," मी म्हटलं. "मम्मीचं घर गावाच्या मधे. विहिरीजवळ. ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्यांतलं."

तनिषानं विचारलं, "मग तू आजोबांना हात लावला नसता?"

"तेव्हा? नसता लावला."

"डॅडीला?"

"नाही."

"आणि मला?"

'तुला कसं नाही लावणार, राणी,' हे अगदी ओठावर आलं होतं. पण त्याच महिन्यात तिच्याशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

"नाही," मी म्हटलं.

ती रडली नाही. उठली, आपली खुर्ची उचलून आजोबांच्या कडेला नेली आणि त्यांना चिकटून बसली. कबीरला काही कळलं नव्हतं, पण तोही आपली प्लेट घेऊन तिकडे गेला. टेबलाच्या या बाजूला मी एकटी उभी.

"अगं, मम्मीला जागा ठेव," दादासाहेब म्हणाले.

तनिषा माझ्याकडे बघत राहिली. ती सरकली नाही. दादासाहेबच सरकले.