वाटी बुडाली, गाणं उरलं

बुडालीऽऽ, वळवाऽऽ!

ती हाक तिने पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती बापाच्या खांद्यावर होती. खालच्या रानातून टेकाडावरचं पाणघर अंगठ्याएवढं दिसायचं. पण तिथून येणारा तो बाईचा आवाज असा शेताशेतावरून उतरत यायचा, की उभ्या पिकानेही मान वर करून ऐकावं. हाक आली की बाप हातातला घास खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "संपली आपली पाळी. पाणी तृप्त, आपण तृप्त."

पुढे दैवाने गाठ अशी मारली, की त्या आवाजाच्याच घरी ती धाकटी सून म्हणून गेली.

झरा एकच, पाट एकच, त्याला तोंडं मात्र दोन. एक वरच्या रानाचं, एक खालच्या रानाचं. पाणघरात पाण्याने भरलेलं मोठं घंगाळ होतं. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी त्यात सोडायची. वाटी खालून हळूहळू भरायची आणि बुडायची. ती बुडाली की एका रानाची पाळी सरली. मग हाक द्यायची, आणि खाली वाटणीच्या दगडाशी बसलेला पाटकरी चिखलाचा बांध फोडून पाणी दुसऱ्या तोंडाला लावायचा. हाक द्यायची ती या घरातल्या बाईनेच. पुरुषाचं एक मन कायम स्वतःच्या बांधावर बसलेलं असतं, असं जुनी माणसं म्हणत.

सासूबाईंनी तिला हाकेच्या आधी गाणं शिकवलं.

"वाटीकडे टक लावून बसू नकोस, डुलकी लागेल. गाणं म्हण. गाण्याचं शेवटचं अक्षर आणि वाटीचा तळ एकदमच लागतात. माझ्या सासूचं गाणं आहे हे. लांबवायचं नाही, गिळायचं नाही."

*तांब्याची गं वाटी माझी घंगाळात तरंगते,*
*पाण्यावर बसून बाई पाण्यानेच भरते.*

असं सुरू व्हायचं ते गाणं, डोंगर उतरायचं, बांधाबांधावर थांबायचं आणि शेवटच्या कडव्याला खालच्या रानात पोचायचं:

*शेवटल्या शेताला गं पहिली माझी हाक,*
*तहानल्या मातीचा गं पाण्यालाही धाक.*

या उन्हाळ्यात झरा बारीक झाला आणि थोरल्या दिरांना एकाएकी उदारपणा सुचला. जुन्या वाटीला पोचे आलेत, ती आता एका रानापुरतीच वापरू, असं म्हणत त्यांनी खालच्या रानासाठी तांबटाकडून कोरी वाटी घडवून आणली. जुनी राहिली वरच्या रानाला, म्हणजे त्यांच्याच शेतांना. वरची पाळी संपली की ते ती पुसून घरी नेत आणि कपाटात ठेवत. खालच्या लोकांनी थोरल्यांना दुवा दिला. नवी वाटी होतीही देखणी, आरशासारखी.

नवी वाटी आली त्याच दिवशी, तिच्या पहिल्या पाळीनंतर सासूबाईंचा घसा बसला. त्या कुजबुजत बोलू लागल्या, गळ्याला फडकं गुंडाळून पाणघराच्या पायरीवर बसू लागल्या, आणि हाक धाकटीच्या गळ्यात आली.

जुन्या वाटीला गाणं बरोबर पुरायचं. नव्या वाटीला मात्र उरायचं. धाकटी गाण्यात अजून डोंगर उतरतेय तोवर वाटी तळाला. आधी तिला वाटलं, उन्हाने आपलीच जीभ जड झाली असेल. ती नीट म्हणू लागली, पण शेवटचं कडवं रोज तोंडातच राहायचं.

तिने सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हालाही असं व्हायचं का हो?"

सासूबाईंनी गळ्याला हात लावला आणि तोंड फिरवलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तांब्याच्या वाटीपायी घरात भांडी वाजायला नकोत. जाऊ दे."

जाऊ देणार होतीही ती. पण एका सकाळी बाप पाटाच्या कडेने आला. सुकलेल्या पिकाचं एक रोप त्याच्या मुठीत होतं. "पाणी शेवटच्या वाफ्याला पोचायच्या आतच तुझी हाक येते गं पोरी," एवढंच तो म्हणाला. दोष नाही दिला. त्याने दोष दिला असता तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी खालच्या पाळीला नवी वाटी बुडाली. धाकटीने खाली पाहिलं, वाटी तळाला स्वस्थ पडली होती. आणि ती गातच राहिली.

वाटणीच्या दगडाशी पाटकरी फावडं टेकून वर बघत होता. थोरले दीर धोतर सावरत टेकाड चढून आले.

"वाटी बुडाली की नाही?"

"बुडाली."

"मग हाक?"

"गाणं संपायचंय, भाऊजी."

"इथे पाणी वाटायला बसलीस की बारशाला?"

"पाणीच वाटतेय. म्हणून तर गाणं पुरतं म्हणतेय."

थोरले पायरीकडे वळले. "आई, सांग हिला काहीतरी."

सासूबाईंनी गळ्याच्या फडक्याला हात लावला.

"बघा," थोरले खाली जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही खालचीच पोर. माहेराकडे पाणी ओढतेय. दुसरं काय!"

दगडाशी उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतच तिचा बाप होता, त्याने मान खाली घातली. बोल खराच होता, तिचं माहेर खालीच होतं. म्हणूनच तर तिचा शब्द फुकट होता.

"तर मग जुनी वाटी आणा," ती म्हणाली. "दोन्ही एकदम सोडू घंगाळात. सगळ्यांदेखत."

"घराण्याची वाटी चव्हाट्यावर आणू? तुझ्या शंकेपायी?"

"शंका माझी आहे, पीक त्यांचं आहे."

"हाक दे. नाहीतर आज उंबरा ओलांडायचा नाही."

तिने घंगाळाची कड घट्ट धरली. "उंबरा तुमचा असेल, भाऊजी. गळा माझा आहे. खोट्या वाटीला तो हाक द्यायचा नाही."

थोरल्यांनी मग स्वतःच तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली. ती मध्येच फाटली. खाली पाटकरी जागचा हलला नाही.

"ऐकू नाही आलं का रे?" थोरले ओरडले.

"आलं की," पाटकरी म्हणाला. "पण ही कोंबड्याची वेळ नाही, मालक. हाक आली की वळवतो."

कोणीतरी खुदकन हसलं. तेवढ्याने थोरल्यांचा तोल गेला. ते तरातरा टेकाड उतरले, पाटकऱ्याच्या हातातलं फावडं हिसकावलं आणि बांधापाशी उभे राहिले. अडवायला कोण जाणार? पाणीवाल्या घराचा कर्ता पुरुष तो. बापही पुढे झाला नाही.

धाकटी पाणघराच्या कडेशी आली. आता नाही दिली हाक, तरी पाणी वळणार होतं. तिने गाणं मात्र सुटलं होतं तिथून पुन्हा धरलं. आवाज चिरकत होता, सूर सुटत होता, तरी ती शेवटच्या कडव्यावर आली. 'शेवटल्या शेताला गं पहिली माझी हाक' एवढं म्हणेपर्यंत दम सरला. पुढची ओळ येईना.

ती आली मागून.

*तहानल्या मातीचा गं पाण्यालाही धाक.*

सासूबाई पायरीवरून उठल्या होत्या. त्यांनी गळ्याचं फडकं सोडलं, घंगाळात हात घालून नवी वाटी तळातून काढली आणि ती निथळती वाटी हातात उंच धरून धाकटीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. खाली थोरल्यांनी फावडं उगारलं होतं.

आणि मग तो आवाज आला. तोच, शेताशेतावरून उतरत जाणारा. खालच्या रानात वाफ्यावर वाकलेली माणसं सरळ झाली.

"वळवू नकाऽऽ! वाटी खोटी आहेऽऽ!"

फावडं हवेतच राहिलं. म्हातारीने श्वास घेतला, लेकाकडे पाहिलं, आणि इतके दिवस गळ्यात बांधून ठेवलेलं सगळ्या रानाला सांगितलं:

"पहिल्याच दिवशी माझंही गाणं उरलं होतंऽऽ!"