शेजारचा ब्रेक

मास्तरांच्या बायकोला कुठल्याही गाडीत बसवलं, तरी तिचा उजवा पाय आधी पुढे सरकायचा आणि ब्रेक शोधायचा. गाडी कोणाची, चालवतंय कोण, याच्याशी त्या पायाला काही देणंघेणं नव्हतं. पण दोष तिचाही नव्हता. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक छोटी पांढरी गाडी. शिकवायची गाडी, त्यामुळे तिच्यात शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. आठवडाभर त्या सीटवर मास्तर बसत आणि शिकाऊ लोकांपासून गाव वाचवत. सुट्टीच्या दिवशी ते चालकाच्या जागी येत, शेजारी आई, मागे लेक, आणि छपरावरची शाळेची पाटी तशीच. लग्नाला, दवाखान्यात, नदीकाठी, जिथे कुठे हे कुटुंब गेलं ते त्या पाटीखाली बसूनच गेलं.

"गाडी मी चालवतो," मास्तर पाहुण्यांना सांगत, "थांबवते ही."

"कुणीतरी थांबवायला नको?" आई म्हणायची.

मास्तर गेले त्याला आता वर्ष होत आलं होतं. शाळा आणि गाडी त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं चालवायला घेतली. त्यामुळे पांढरी गाडी अजून गावातून फिरायची. आई आणि लेक बाजारातून येत असताना ती समोरून आली, की दोघी दुकानांकडे बघत, आणि आपण काय पाहिलं हे एकमेकींना विचारत नसत.

लेक लोकांचे कान तपासायची. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. बारीकसा आवाज आला की बटण दाबा, म्हणजे बाहेर दिवा लागतो. टेकडीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला कायमची जागा मिळाली होती, पुढच्या महिन्यापासून. तिकडे जाणारी बस सावकाशीनं, सगळ्यांची विचारपूस करत जायची. गाडी घेणं भाग होतं. छोटी, खिशाला झेपेल अशी. नवी मिळाली तर नवी, नाहीतर जुनी.

खरी अडचण गाडीची नव्हतीच. लेकीकडे लायसन्स होतं, मास्तर तिला कौतुकानं 'पायलट' म्हणत. पण आजवर ती जेव्हा जेव्हा चालवायला बसली होती, तेव्हा शेजारी मास्तर होते आणि त्यांचा बूट त्या दुसऱ्या ब्रेकवर टेकलेला होता. ते गेल्यापासून तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगायची गरज नव्हती.

पहिल्यांदा दोघी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेल्या. तिथली फरशी इतकी चकचकीत होती की आई चपला काढायलाच निघाली. विक्रीवाली मुलगी गोड होती, तिनं दोघींना पाणी दिलं आणि गाडीत बसवून स्वतःच एक चक्कर मारून आणली. "तुम्हीच चालवा ना, मॅडम," असं ती म्हणाली तेव्हा लेकीनं चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. आईनं लेकीच्या नाकावरच्या चष्म्याकडे पाहिलं.

गाडी सुरेख होती. मागे घेताना कुणी आडवं आलं की आपणहून टुंटुं करायची. पट्टा लावला नाही तरी टुंटुं, दार नीट लागलं नाही तरी टुंटुं.

"फार बोलते," आई म्हणाली.

पहिल्याच चौकात आईचा पाय पुढे गेला आणि जाड, मऊ गालिच्यात रुतला. काहीच आवाज झाला नाही. तिनं पुन्हा दाबून बघितलं.

"काकू, पायाला काही होतंय का?" मुलीनं काळजीनं विचारलं.

"ब्रेक सापडत नाहीये."

"ब्रेक इकडे असतो, काकू. गाडी चालवणाऱ्याकडे."

"आमच्यात दोघांकडे असतो," आई म्हणाली.

मुलीला हसावं की नाही कळेना. हप्त्यांचा कागद तिनं लेकीच्या हातात दिला. तो वाचून लेकीनं घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला, तो पुन्हा बाहेर काढण्यासाठी नव्हेच.

दुसऱ्या खेपेला जुन्या गाड्यांचा बाजार. मोकळ्या मैदानात गाड्या ओळीनं उभ्या, सगळ्यांना तेल चोपडून टायर काळेभोर केलेले. तिथला दलाल एका लाल गाडीच्या टपावर हात ठेवून असा उभा राहिला, जणू घरची मुलगी सासरी धाडायची आहे.

"एकाच डॉक्टरांची गाडी आहे, ताई. हॉस्पिटल आणि घर, घर आणि हॉस्पिटल. आकडा बघा ना मीटरवर. गाडीनं अजून जगच बघितलेलं नाही म्हणा!"

लेक दार उघडून खाली वाकली. मास्तरांनी तिला आणि गावातल्या प्रत्येक शिकाऊ माणसाला हेच शिकवलं होतं: जुनी गाडी बघताना मीटर शेवटी बघ, पेडलचं रबर आधी बघ. क्लचच्या रबरावरच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. एका कोपऱ्यातून लोखंड बाहेर डोकावत होतं.

आईही तिच्या खांद्यावरून वाकली होती. "डॉक्टरांचा पाय फार भारी होता हो," ती दलालाला म्हणाली.

"म्हणजे, तसं... डॉक्टर अंगानं जरा..."

"असतील, असतील. खात्यापित्या घरचे असतील." आणि लेकीचा दंड धरून ती चालायला लागली. मैदानाबाहेर येईपर्यंत दोघींनी कसंबसं हसू दाबलं, आणि मग फाटकाशी उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बऱ्याच महिन्यांनी. हसणं थांबल्यावर आईनं पदरानं डोळे पुसले, ते जरा जास्त वेळ पुसले.

तिसरी गाडी लेकीच्या दवाखान्यातल्या एका सहकारिणीनं सुचवली. तिच्या शेजारी एक निवृत्त नर्स राहायच्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. गाडी फिकट निळी, चालकाच्या सीटवर एक उशी, कारण सिस्टर उंचीला कमी.

"आधी वाईट सांगते," सिस्टर म्हणाल्या. "मागची डावी काच खाली जात नाही. हा पोचा माझ्या फाटकाचा, फाटक जिथल्या तिथे होतं, मीच गेले. एसी आहे, पण त्याच्या मनावर आहे. आता चांगलं तुम्ही शोधा."

लेकीनं रबर बघितलं. झिजलेलं, पण मीटरवरच्या आकड्याला साजेल इतकंच. "एक चक्कर मारून दाखवता?"

"मी कशी दाखवणार? मला समोरचा माणूस आणि विजेचा खांब सारखेच दिसतात. तुम्ही चालवायची. मी मागे बसते." आणि त्या बसल्यासुद्धा. आईही पुढचं दार उघडून शेजारी बसली. बाहेर उभी राहिलेली एकटी लेकच.

आता चष्म्याचं कारण चालणार नव्हतं. ती आत बसली, उशी काढून मागे दिली, सीट मागे सरकवली. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि तिथेच तिचं सगळं थांबलं. हात स्टिअरिंगवर, पाय क्लचवर, गाडी जागच्या जागी थरथरत. रस्ता मोकळा होता. तो किती वेळ मोकळा होता कुणास ठाऊक.

मागून सिस्टरांचा आवाज आला, वॉर्डातल्या पेशंटला गोळी देतात तसा: "आरसा, आरसा, खांदा."

लेकीनं आतल्या आरशात पाहिलं. बाहेरच्या आरशात पाहिलं. खांद्यावरून मागे पाहिलं. गाडी निघाली.

गल्लीच्या टोकाला गेल्यावर तिनं विचारलं, "कुठे शिकलात तुम्ही?"

"मास्तरांकडे. या गावात दुसरं कोण होतं शिकवायला? मी काय कमी छळलं त्यांना! गिअर टाकताना माझे हात कापायचे. म्हणायचे, 'सिस्टर, तो गिअर आहे, इंजेक्शन नाही. त्याला दुखत नाही, टोचा बिनधास्त.'" सिस्टर एकट्याच हसल्या आणि मग पुढच्या दोघींच्या पाठी बघून हसायच्या थांबल्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही..."

"हो," आई म्हणाली. "सरळ घे गं, वळू नकोस. टाकीच्या चढावरून जाऊ."

पाण्याच्या टाकीचा चढ म्हणजे मास्तरांची परीक्षेची जागा. गाडी मध्यावर थांबवायची आणि मागे एक वीतही न सरकता पुन्हा काढायची. आज ती थांबवावी लागली नाही, पुढे सिमेंटचा ट्रक आपणच अडला. मागे एक रिक्षा येऊन चिकटली. ट्रक हलला, लेकीनं क्लच सोडला, घाईनं सोडला. इंजिन आचका देऊन बंद पडलं आणि गाडी मागे घरंगळायला लागली.

ठण्ण!

आईचा पाय. खालचा पत्रा पातळ होता, वर नुसती रबरी चटई, त्यामुळे आवाज डब्यावर थाप मारावी तसा झाला. त्याच क्षणी लेकीचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.

"आई," लेक समोर बघतच म्हणाली, "तिथे ब्रेक नाहीये गं."

"माहीत आहे मला. तिकडेही नव्हता."

"तिकडे कुठे?"

"आपल्या गाडीत. तू लहान होतीस, एकदा मांजर आडवं गेलं आणि मी असा काही दाबला की मागचा टेम्पो आपल्या डिकीत आला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी सकाळी तुझे बाबा पाना घेऊन गाडीखाली शिरायचे आणि माझ्या बाजूची तार सोडवून ठेवायचे. म्हणायचे, ऑइल बघतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं मला."

लेक आईकडे वळून बघायलाच लागली. "मग इतकी वर्षं दाबत काय होतीस?"

"त्यांना कळावं म्हणून. मी जागी आहे, माझं लक्ष आहे." आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि मी दाबला की तेही दाबायचे. थोडासाच. मला वाटावं, माझाच लागला. कधी चुकले नाहीत."

मागे सिस्टर नाक पुसत होत्या. रिक्षावाला आता खाली उतरून येतोय की काय, असं वाटायला लागलं.

"हँडब्रेक ओढ," आई म्हणाली. "सुरू कर. सावकाश. ओरडू दे त्याला, त्यालाही बाबांनीच शिकवलं असणार."

लेकीनं हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. क्लच हळूहळू वर आणला, गाडीचं नाक किंचित उचललं गेल्याचं तळव्याला कळलं, आणि हँडब्रेक सोडला. गाडी पुढे गेली. वीतभरही मागे आली नाही.

परत आल्यावर सिस्टर ओशाळून म्हणाल्या, "पत्रा जरा वाजतो खालचा. जाड गालिचा टाकून घेतलात तर आवाज येणार नाही."

"नको," लेक म्हणाली. "वाजू दे. हीच घेते."

सिस्टरांनी उशीही देऊ केली. ती तिनं घेतली नाही. किल्लीबरोबरची छोटी शिट्टी मात्र राहू दिली. वॉर्डात कुणी दाद दिली नाही तर आपण ती वाजवत असू, असं सिस्टरांनी सांगितलं.

मग उरलेल्या दिवसांत दोघी रोज टाकीच्या चढावर जायच्या. आईचा पाय वाजायचा, कधी गरज असताना, बहुतेकदा नसताना. लेक चिडायची, "अगं, तो कुत्रा रस्त्याच्या पलीकडे आहे!" आणि आई म्हणायची, "तो तिकडेच राहील याची काय खात्री?" एक दिवस समोरून पांढरी गाडी आली, पाटीसकट, आत घामाघूम झालेला कुणी नवा शिकाऊ. लेकीनं गाडी बाजूला घेऊन तिला वाट दिली. या खेपेला दोघींनी बघितलं.

"तार जोडलेली असेल ना रे देवा," आई म्हणाली.

कामाचा पहिला दिवस उजाडला. आज शेजारची सीट रिकामी, तिच्यावर नुसता डबा आणि पर्स. आई फाटकाशी पायरीवर उभी होती. तिनं पोचल्यावर फोन कर म्हटलं नाही, सावकाश जा म्हटलं नाही. काचेशी वाकून एवढंच म्हणाली, "डब्याचं झाकण सैल आहे, पायलट. वळणावर सांभाळ."

लेकीनं मान हलवली. गाडी सुरू केली. आरसा, आरसा, खांदा. गल्ली सरळ होती, आणि तिच्या शेवटी वळण. गाडी पुढे जाताना आतल्या आरशात आई लहान होत गेली: एक हात फाटकावर, दुसरा पदराशी. वळण जवळ आलं तसा आईचा उजवा पाय चपलेसकट जरासा उचलला गेला आणि पायरीवर दाबला गेला.

वळणावर कुणी नव्हतं. माणूस नाही, मांजर नाही, सायकलसुद्धा नाही. लेकीनं ब्रेक दाबला. थोडासाच; मागचे लाल दिवे लागतील इतका.