वाकड्या ठशांची पाटी

बाजारात त्यांना सगळे सरळरेघ म्हणत. पितळेच्या पाट्यांवर नावं कोरण्यात चाळीस वर्षं गेली, पण एक अक्षर ओळीबाहेर गेलं असेल तर शपथ. डॉक्टर, वकील, दातवाले, घटस्फोट झाल्यावर जुनं नाव परत लावणाऱ्या बायका, सगळ्यांची नावं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांच्या स्वतःच्या दारावर मात्र पाटी नव्हती. दुकान खाली, घर वर, मध्ये अरुंद जिना आणि जिन्याच्या तोंडाशी कोरं दार. "आपल्याला कोण ओळखत नाही?" असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला होता.

मुलाला मात्र ती गोष्ट खुपायची. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला, म्हणजे जेमतेम झाला. त्याचा हात वाकडा होता. ठसा धरून हातोडी मारली की अक्षर एका अंगाला कलायचंच. त्यात एका इंग्रजी 'आर'च्या ठशाचा पाय तुटलेला. तो फेकून दे म्हणून वडिलांनी शंभरदा सांगितलं, तरी पठ्ठ्या तोच वापरायचा. म्हणून ठोकण्याचं काम काढून त्याला कागदपत्रं दिली: बिलं, पत्रं आणि कर. सरळरेघांनी त्यानंतर एकाही कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही. चूक कोणाची म्हणायची ती तुम्हीच ठरवा.

मुलगा वसंत ऋतूच्या सुरुवातीला गेला. छातीत दुखतंय म्हणाला, पाणी मागितलं, आणि सून पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. चौतीस वर्षांचा होता. तेरा दिवस सरळरेघ दुकानात उतरले नाहीत. चौदाव्या दिवशी खाली गेले, मुलाच्या कपाटाचा वरचा खण उघडला, त्यात हातभर लांबीची एक पितळी पट्टी सापडली. तिच्यावर काहीबाही शब्द ठोकलेले, सरावाला ठोकतात तसे, आणि सगळे वाकडे. दुकानाचा नियम साधा होता: सरावाचं पितळ घासायचं आणि पुन्हा वापरायचं. त्यांनी पट्टी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरली, कानस चालवली, घासून लख्ख केली आणि तिच्यावर मुलाचं नाव कोरलं. घराच्या दारावरची पहिली पाटी. कामात मन नव्हतं, त्यामुळे घासणं एकदाच झालं आणि रेघाही नेहमीपेक्षा उथळ उतरल्या. एरवी असं काम त्यांनी गिऱ्हाइकाला दाखवलंही नसतं.

कर खात्याची नोटीस त्यानंतर दोन महिन्यांनी आली. सहा वर्षांचा कर थकलेला. महिनाअखेरपर्यंत भरला नाही तर दुकानाला सील, आणि घर त्याच इमारतीत, त्याच नावावर.

सून नोटीस घेऊन खात्यात गेली. ही सून अक्षरांत रंग भरायची. तिच्याइतका काळा रंग पितळेत कोणी बसवत नसे. सासरे तिला सोबत म्हणून निघाले खरे, पण वाटेत पाय ओढत तेच मागे राहत होते. टेबलामागच्या बाई पोक्त आणि थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी फाइल उलटली.

"तुमच्या मिस्टरांनी दर वर्षी पैसे बाजूला काढले होते," बाई म्हणाल्या. "पण इथे भरले नाहीत. क्रिप्टोत, त्या ऑनलाइन नाण्यांत घातले. मागच्या वर्षी स्वतः येऊन सांगून गेलेत, भाव चढला की एकदम भरतो म्हणून. दंडही कबूल केला होता."

"मग आता?" सुनेने विचारलं.

"आता खातं क्रिप्टो घेतं. तुम्ही ती नाणी आमच्या पत्त्यावर पाठवा, त्या दिवसाच्या भावाने वळती करू. आजचा भाव बघता पुरून उरेल. पण त्यांच्या डिजिटल पाकिटाचे बारा शब्द लागतील. ते शब्द म्हणजेच किल्ली. ते नसतील तर आम्ही काय, कोणीच काही करू शकत नाही."

घरी येऊन सुनेने नवऱ्याच्या वह्या धुंडाळल्या. तिसऱ्या वहीच्या मागच्या पानावर त्याच्या हातची ओळ होती. ती तिने मोठ्याने वाचली, "बारा शब्द कागदावर नाहीत. कागद जळतो. पितळेवर ठोकलेत, कपाटाच्या वरच्या खणात."

सरळरेघांनी वही तिच्या हातातून घेतली आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"बाबा? काय झालं?"

"दाखवली होती गं मला," ते म्हणाले. "पट्टी घेऊन आला होता. म्हणाला, बाबा, हे बघा. मी म्हटलं, आधी अक्षरं सरळ ठोकायला शिक. तो हसला. म्हणाला, ही सरळ नसली तरी चालतील, टिकली पाहिजेत. मी विचारलंसुद्धा नाही, काय आहे म्हणून. आणि तीच घासून त्याची पाटी केली."

सून उघड्या दाराकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्याचं नाव तिथे चमकत होतं. तिनेच त्यात रंग भरला होता.

"म्हणजे गेलं?" ती म्हणाली.

गेलं नव्हतं, आणि हेच त्यांना सांगवत नव्हतं. पितळ घासणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. कोरलेली रेघ घासली की जाते, पण ठोकलेल्या अक्षराचा मार खाली खोलवर मुरलेला असतो. वरून गुळगुळीत केलेली पाटी ॲसिडमध्ये ठेवली की जुनं नाव उठतं. पूर्वी एका नवऱ्या मुलाच्या पाटीवर आधीच्या मालकाचं नाव असंच उठलं होतं आणि केवढा तमाशा झाला होता. तेव्हापासून सरळरेघ प्रत्येक पाटी दोनदा खोल घासत. ही एकच एकदा घासली होती, आणि तिच्यावरच्या नावाच्या रेघा उथळ होत्या, वरवर घासून निघतील अशा.

"पण त्याचं नाव आधी घासावं लागेल," ते अखेर म्हणाले. "सगळं. तुझ्या रंगासकट."

ती उठून दुकानात गेली. मग स्वतःच पेचकस घेऊन आली आणि दारावरचे चार स्क्रू काढून दिले.

सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. त्यांनी पाटी शेगड्यात धरली. चाळीस वर्षांत हजारो नावं घासली, मेलेल्यांची, पळून गेलेल्यांची, दिवाळं निघालेल्यांची, आणि कधी हात अडला नाही. आज कानस पहिल्या अक्षरावर टेकवली आणि ती पुढे ढकलवेना. सून पुढे झाली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून पहिली ओढ मारली. पुढचं त्यांनी एकट्याने केलं. नाव एकेक अक्षर करत पुसलं गेलं. काळा रंग आणि पिवळा चुरा त्यांच्या बोटांना चिकटला, आणि तो झटकायला त्यांना जमेना.

मग ॲसिड. कापसाच्या बोळ्याने, हळूहळू. आधी काहीच दिसेना. मग एक सावली उठली, मग दुसरी. 'लॅडर'. 'टर्टल'. 'स्पून'. एकेक शब्द एका अंगाला कलत वर येत होता. सून वहीत उतरवत होती. 'लॅडर'च्या टोकाला तुटक्या पायाचा 'आर' लंगडत आला, तेव्हा सरळरेघ जे आजवर रडले नव्हते ते रडले. कोणी पाठमोरा चाललेला माणूस चालण्यावरून ओळखू यावा, तसा त्यांना मुलगा त्या अक्षरात ओळखू आला. ज्या नावाची पाटी करून त्यांनी दारावर लावली होती, त्यात मुलाचं काही नव्हतं. अक्षर त्यांचं होतं. त्याचं अक्षर त्यांनीच घासून टाकलं होतं.

बारा शब्द पुरे झाले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर सुनेने ते फोनमध्ये भरले, नाणी गेली, पावती छापून आली. बाईंनी शिक्का मारला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाकीट आता रिकामं आहे. त्या शब्दांना काही अर्थ राहिला नाही. पाटी मोडीत टाकलीत तरी चालेल."

"हो," सरळरेघ म्हणाले.

घरी सुनेने रंगाची डबी काढून ठेवली. "पुन्हा घासा, बाबा. दोनदा घासा या वेळी. त्याचं नाव परत काढू या, मी रंग भरते."

त्यांनी पाटी शेगड्यात धरली, कानस उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग पाटी सोडवली आणि तशीच, लंगड्या 'आर'सकट, चार स्क्रूंनी दाराला लावली.

दुपारी शेजारचा काचवाला जिन्याखाली थांबला. "हे काय हो? लॅडर, टर्टल... आणि सगळं वाकडं? तुमच्या दारावर?"

"मुलाचं अक्षर आहे," सरळरेघ म्हणाले.

काचवाला निघून गेला. गल्लीत कोणी उरलं नाही. सरळरेघ दारासमोर उभे राहिले, 'टर्टल'वरून अंगठा फिरवला, आणि मुलगाच पट्टी घेऊन समोर उभा असावा अशा आवाजात म्हणाले, "बघू रे. काय ठोकलंयस? सांग मला."