शंभर शेअरांचा एक कागद

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, पण कृपा करून मला रद्दी समजू नका. माझ्यावर सोन्याच्या खाणीचे शंभर शेअर छापलेले आहेत. शेअर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक नसेल तर सांगतो. खाण खोदायला इतका पैसा लागतो की तो एका माणसाच्या खिशात मावत नाही. मग हजारो माणसे थोडा थोडा पैसा घालतात आणि ज्याने जेवढा घातला, तेवढा खाणीचा वाटा त्याच्या नावावर होतो. तो वाटा ज्यावर लिहून देतात, तो मी.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. जाड, किंचित पिवळसर अंग, कडेने सोनेरी वेलबुट्टी, मधोमध खाणीच्या उंच लोखंडी मनोऱ्याचे चित्र आणि खाली उठावाचा शिक्का. छापखान्यातले कामगार हात धुतल्याशिवाय मला उचलत नसत. साहजिकच माझ्या डोक्यात हवा गेली. शेजारच्या यंत्रावर बसची तिकिटे छापली जात होती, त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहत नसे. तिकीट एका तासात फाटून जाते. मी पडलो सोन्याचा!

अशा थाटात मी एखाद्या शेठजीच्या तिजोरीत जाईन, असे मला वाटले होते. मी गेलो फरशा बसवणाऱ्या एका कारागिराच्या घरी. त्यांना सगळे फरशीमास्तर म्हणत. दोन खोल्यांचे घर, दारात सिमेंटने माखलेल्या चपला, आणि मला ठेवायला पत्र्याची ट्रंक. पहिल्या दिवशी मी फार हिरमुसलो, हे कबूल करतो.

फरशीमास्तर तीस वर्षे गुडघ्यांवर काम करत होते. फरशी बसवणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. संध्याकाळी घरी आले की ते भिंतीला धरून खाली बसत आणि त्यांची बायको गरम पाण्याची पिशवी आणून देई. डॉक्टरांनी साफ सांगितले होते, की हे काम आणखी फार वर्षे केलेत तर चालणे विसरा. म्हणून त्यांनी एक बेत आखला होता. पैसे वाढले की नाक्यावरचा रिकामा गाळा घ्यायचा, फरशांचे दुकान टाकायचे आणि उरलेले आयुष्य खुर्चीवर बसून काढायचे. त्या बेतासाठीच त्यांनी मला घेतले होते. घ्यायला लावले त्यांच्या मेहुण्याने. तो शेअर दलालाच्या कचेरीत कारकून होता आणि माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात पटाईत होता.

पहिली काही वर्षे सुखाची गेली. सोन्याचा भाव चढत होता, खाणीकडून दरसाल नफ्याचा वाटा येत होता. मास्तरांची बायको शेजारणींना ट्रंकेतून काढून मला दाखवी. "हात नका हं लावू, नुसतं बघा," असे म्हणे. मी वेलबुट्टीसकट फुगत असे.

मग दिवस पालटले. निवडणूक जवळ आली. एक पक्ष म्हणू लागला, की आम्ही निवडून आलो तर खाणी सरकारच्या ताब्यात घेऊ. दुसरा म्हणाला, त्यांच्या आधी आम्हीच घेऊ. त्यातच खाणीतल्या कामगारांनी संपाची नोटीस दिली आणि दंडाला काळ्या फिती बांधून ते काम करू लागले. माझा भाव कोसळला. वर्तमानपत्रात छापून आले, की कामगार आळशी आहेत, रोज अर्धा तास लोखंडी पहार घेऊन नुसते छत बडवत बसतात. मास्तरांनी ते वाचले आणि तेही चिडले.

"इथे आमचे गुडघे गेले, आणि हे लोक छत बडवण्याचा पगार घेतात!"

मेहुणा घाईघाईने घरी आला. "भाऊजी, घाबरू नका. कंपनीची सभा आहे, आणि या खेपेला खाणीवरच ठेवलीय. सभेत काटकसरीचा ठराव येतोय. तो अर्धा तास दहा मिनिटांवर आणणार, टेकूचे खांब कमी करणार. ठराव झाला की भाव उसळी मारणार. तुम्ही फक्त हात वर करा. चार दिवसांत विकून टाकू आणि गाळा तुमचा!"

"नक्की?"

"ताईच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"माझ्या डोक्यावर नको," मास्तरांची बायको आतून म्हणाली, "स्वतःच्या ठेव."

सभेला मूळ कागद बरोबर न्यावा लागतो, असे मास्तरांना वाटले. तसे काही नव्हते, पण त्यांना कोण सांगणार? त्यांनी मला चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवले. घड्या पडताना मला रडू येत होते. पण मित्रांनो, त्या चुकीमुळेच मला जे पाहायला मिळाले, ते माझ्या जातीच्या दुसऱ्या कुठल्याही कागदाने पाहिले नसेल.

खाण सुरक्षित आहे, हे दाखवायला कंपनीने सभेआधी भागधारकांना खाली नेले. जाळीच्या पिंजऱ्यात दहा-बारा माणसे उभी राहिली, घंटा तीनदा वाजली आणि पायाखालची जमीन जणू कुणीतरी काढून घेतली. आम्ही खाली जाऊ लागलो. किती खाली? मला वाटले, आता थांबेल, आता थांबेल. माझ्या अंगावर छापलेला तो मनोरा नुसता दाराचा कोयंडा होता. खरे घर खाली होते. पाऊण किलोमीटर दगड आमच्या डोक्यावर चढला तेव्हा कुठे पिंजरा थांबला.

बाहेर पडलो तर भट्टीजवळ असावी तशी धग. भिंतींना हात लावावा तर दगड कोमट. हा दगड माणूस जन्माला येण्यापूर्वीपासून असाच अंधारात तापत पडला होता. बोगदा दूरवर गेलेला, आणि त्यात दिव्यांचे लहान लहान ठिपके हलत होते. प्रत्येक ठिपक्याखाली एक माणूस होता.

"सोनं कुठंय?" मास्तरांनी विचारले.

तिथे टोळीचा मुकादम उभा होता. घामाने निथळलेला, दंडाला काळी फीत. तो हसला. "हे काय, तुमच्या समोर."

समोर नुसता करडा दगड होता.

"ही अख्खी गाडी भरून दगड वर न्यायचा, फोडायचा, पिठासारखा दळायचा, धुवायचा. मग नखाच्या टोकावर मावेल एवढं निघतं."

माझ्या कडेची सोनेरी वेलबुट्टी मला एकदम फार भडक वाटू लागली. तेवढ्या सोन्यासाठी एवढा डोंगर, एवढा अंधार, एवढी माणसे! मी किती मिजास केली होती!

मास्तर थोडे घुटमळले. मग भाबडेपणाने म्हणाले, "एवढ्या खाणीत माझे शंभर शेअर म्हणजे नक्की कुठला तुकडा हो?"

बाकीचे भागधारक खो खो हसले. मुकादमानेही गंमत केली. त्याने दिव्याचा झोत वर टाकला. "हा घ्या तुमचा. आम्हा एकोणीस जणांच्या डोक्यावरचा."

मास्तरांनी वर पाहिले. फरशी बसवणाऱ्याला एक खोड असते. फरशी दिसली की तो तिच्यावर ठोकणारच. खाली माल नीट भरला असेल तर खणखणीत आवाज येतो, पोकळी राहिली असेल तर भदभदीत येतो. तीस वर्षांत मास्तरांच्या कानाने लाखभर फरशा ऐकल्या होत्या. त्यांनी भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि छतावर ठोकली.

टण्.

"छान," ते म्हणाले. दोन पावले पुढे सरकून पुन्हा ठोकली.

भद्.

मास्तरांचा चेहरा उतरला. मी त्यांच्या छातीला लागूनच होतो, त्यांचे काळीज कसे धडधडले ते मला कळले. त्यांनी हातभर अंतरावर ठोकले. भद्. आणखी पुढे. भद्.

"हे सुटलंय," ते हळूच म्हणाले. "सगळंच सुटलंय."

मुकादमाचे हसू केव्हाच गेले होते. "महिनाभर आम्ही दुसरं काय सांगतोय? रोज नवा दगड उघडा पडतो. सगळं छत असं ऐकत जायला अर्धा तास लागतो हो. तोच काढून घेतायत."

पांढरे स्वच्छ शिरस्त्राण घातलेला अधिकारी पुढे झाला. "चला, चला, वर सभेची वेळ झाली."

सभा खाणीच्या उपाहारगृहात होती. पंखे फिरत होते, टेबलांवर थंड पाणी होते. अध्यक्षांनी काटकसरीचा ठराव वाचला. मेहुणा मास्तरांच्या शेजारीच होता. तो कोपराने ढोसत राहिला, "आता हात वर करा, भाऊजी. गाळा आठवा, गाळा."

मास्तर उठले. उठताना गुडघे कडकड वाजले. त्यांना भाषण येत नव्हते.

"मी फरशा बसवतो," ते म्हणाले. "हा ठराव झाला तर माझं दुकान होतं. मला ते पाहिजे. खोटं कशाला बोलू? पण मी आत्ता खालून आलोय. तिथलं छत पोकळ झालंय, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. तर माझी एकच विनंती आहे. ठराव जरूर करा, पण इथे पंख्याखाली नको. आपण सगळे खाली जाऊ. त्या छताखाली बसू आणि तिथे हात वर करू. मी सगळ्यांत पुढे बसतो."

अध्यक्षांनी समोरचा पेला उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

मागच्या रांगेतून एक निवृत्त शिक्षिका उठल्या. "मला नाही बाई तिथे बसवणार," त्या म्हणाल्या. "मग तिथे दुसऱ्याला बसवायला मी हात कसा वर करू?"

अध्यक्षांनी मतदान पुकारले. ठरावाच्या बाजूने सहा हात वर झाले. विरुद्ध किती झाले, ते मोजायचीही गरज पडली नाही. हातांऐवजी शेअर मोजा, असे मोठे भागधारक म्हणू शकले असते. पण त्यातले बरेचसे आमच्याच पिंजऱ्यातून खाली गेले होते. ते आपापल्या बुटांकडे बघत बसले. मेहुण्याने कपाळाला हात लावला.

तो बोगदा दुसऱ्या दिवसापासून बंद ठेवला. अकराव्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. मास्तरांच्या बायकोने ती मोठ्याने वाचली: खाणीतील बंद बोगद्याचे छत कोसळले, जीवितहानी नाही. तिने शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचले. मग चष्मा काढून बराच वेळ पदराने पुसत राहिली.

पुढचे सारे मेहुण्याला भीती होती तसेच झाले, म्हणजे वाईट. भाव तळाला गेला. निवडणुकीनंतर सरकारने खाण ताब्यात घेतली आणि भागधारकांना भरपाईचा धनादेश आला. तेवढ्यात गाळा सोडाच, गाळ्याचे शटरही आले नसते. कंपनीच्या कचेरीतल्या बाईंनी मला रद्द करून माझ्या पोटाला भोक पाडले आणि मास्तरांनी मागितले म्हणून परत दिले. मास्तर पुन्हा गुडघ्यांवर बसून फरशा बसवू लागले. त्यांच्या गुडघ्यांचे पुढे काय झाले, हे सांगताना मला अजून वाईट वाटते. आता ते काठीशिवाय उभे राहत नाहीत.

पण मी रद्द झालो त्याच वर्षी, एका सुट्टीच्या सकाळी दारात चपलांचा ढीग पडला. मुकादम आला होता. बरोबर त्याची सगळी टोळी होती, काहींच्या बायका होत्या. दोन खोल्यांत माणसे मावेनात. चहाला कप पुरेनात, तेव्हा वाट्या काढल्या.

"तो कागद बघायचाय," मुकादम म्हणाला.

मास्तर ओशाळले. "रद्द झालाय हो. भोक पाडलंय त्याला."

तरी त्यांनी मला काढले. मुकादमाने मला उलटे केले. माझ्या पाठीवर एक तक्ता छापलेला आहे. शेअर विकला की नव्या मालकाचे नाव तिथे लिहायचे असते. मास्तरांनी मला कधी विकलेच नव्हते, त्यामुळे सगळे रकाने कोरे होते. मुकादमाने पेन मागितले आणि पहिल्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. मग एकेक जण पुढे आला. दगड फोडून फोडून राठ झालेली बोटे, पण माझ्यावर लिहिताना ती अगदी हलकी झाली होती. रकाने दहाच होते. उरलेल्यांनी समासात लिहिले. एकोणीस नावे झाली.

शेवटी टोळीतल्या एकाची बायको पुढे आली. तिच्या कडेवर चार महिन्यांचे मूल होते. "याचाही अंगठा घ्या," ती म्हणाली. "तेव्हा हा पोटात होता."

मास्तरांच्या बायकोने शाईची डबी आणली. मुलाने आधी मूठ सोडली नाही, मग एकदम सोडली. शर्टाच्या लहान बटणाएवढा तो ठसा माझ्यावर उमटला तेव्हा मी थरारून गेलो. एवढ्या खोल, एवढ्या अजस्र खाणीतून वर आलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट इतकी इवलीशी असेल, असे मला वाटले नव्हते.

मास्तरांनी शाई वाळेपर्यंत मला हातात धरून ठेवले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कमवाल, शेअर घ्याल. आता माझ्यासारखे कागद निघत नाहीत. बोटाने एक बटण दाबले की काम होते, तुमचा शेअर तुम्हाला दिसतही नाही. घ्या, जरूर घ्या. भाव विचारा, नफा विचारा, सरकार कुणाचे येणार तेही विचारा. पण त्याबरोबर एवढेही विचारा, की त्या कामाच्या छताखाली कोण उभे आहे आणि ते छत आज कुणी ठोकून पाहिले आहे का. उत्तर मिळेपर्यंत हात वर करू नका.