दाब, धर, सोड

"दाब!" तवनाप्पा गाडीच्या मागच्या बाजूनं ओरडले.

"दाबलंय!"

"आणि एकदा. आणि एकदा. हां, आता धर!"

"धरलंय!"

डावं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं. पोत्यावर आडवं होऊन तवनाप्पांनी ब्रेकच्या निपलवर, म्हणजे हवा काढायच्या तोटीवर, पाना लावला आणि हलकेच सैल केला. निपलला जोडलेल्या पारदर्शक नळीतून तेल बुडबुड्यांसकट जोरात बाटलीत यायला हवं होतं. आलं ते थेंब-थेंब. वर, निपल आवळायच्या आतच एक बुडबुडा नळीतून उलटा आत पळाला. म्हणजे पेडलवरचा पाय मधेच निसटला होता.

"अगं नीट धर की! जेवली न्हाईस व्हय सकाळी?"

"धरलंय म्हणते न्हवं!" पुढून आवाज आला.

कळंब्यातल्या त्यांच्या घरापुढच्या फरशीवर हे काम दरवर्षी व्हायचं. तवनाप्पांचा सगळा जन्म मार्केट यार्डात, गुळाच्या अडतीत दिवाणजी म्हणून गेला; पण रविवारी हातात पाना आला की त्यांचा रुबाब इंजिनियरसारखा असे. व्हॅनची बाकीची कामं ते गॅरेजला देत, ब्रेक मात्र नाही. "ब्रेक म्हंजे जीव वो. दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा?" असं ते आल्यागेल्याला ऐकवत, आणि पावणं बिचारं चहा संपेपर्यंत मान हलवत बसे.

आता ब्रेकमधली हवा काढायची तर एका माणसाचं काम नव्हे. एक चाकाशी लागतं, एक पेडलवर. पेडलवर कायम त्यांची बायको, प्रभावती. पदर खोचून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवी, 'दाब' म्हटलं की दाबी आणि 'सोड' म्हटल्याशिवाय सोडत नसे. तिच्यावर त्यांचा इतका भरवसा की एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. उद्या शिरोळला जायचं होतं, प्रभावतीच्या माहेरी. तिच्या भाच्याची, सम्मेदची, वास्तुशांत होती. म्हणून आज हा सगळा पसारा.

पुन्हा तेच झालं. तेल उलटं फिरलं. तवनाप्पा चिडून उठले, तेलकट हात पोत्याला पुसत पुढे गेले आणि दारातच थांबले.

प्रभावतीच्या उजव्या पायातली चप्पल गळून खाली पडली होती. ती वाकून दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा खाली रेटत होती, आणि तरी पाऊल पेडलवरून घसरत होतं.

त्यांना पाहून तिनं घाईनं साडी पायावर ओढली. "झालं काय काम?"

"पायाला काय झालंय?"

"काय न्हाय. मुंग्या आल्यात."

"प्रभा."

तिनं काचेतून समोर पाहिलं. "जोर न्हाय त्यात. उन्हाळ्यापास्नं. प्राची आलती तवा डॉक्टरला दाखवलं. कमरेतली नस दबलीया म्हणाले. आता पैल्यावानी व्हायचा न्हाय."

प्राची त्यांची मुलगी, पुण्याला असते. म्हणजे पोरीला ठाऊक, डॉक्टरला ठाऊक. रोज ताटावर समोर बसणाऱ्या नवऱ्याला तेवढं ठाऊक नाही. मधूनमधून तिची चप्पल निसटते हे त्यांनी पाहिलं होतं, आणि 'जरा मापाची घेत जा' असा शहाणपणाही शिकवला होता. ते आठवून ते ओशाळले.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगून काय हुनार हुतं? शेजारचं कोण तरी आणून बसवलं असतं तुमी हितं." तिनं स्टिअरिंगवरून हात फिरवला. "वरसातनं एकदा तर बसायला मिळतं मला ह्या सीटवर."

 एरवी ती या सीटवर का बसत नाही, हे तवनाप्पांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्राची शाळेत होती तेव्हाची गोष्ट, गुळाचा हंगाम ऐन भरात होता. शिरोळहून फोन आला, प्रभावतीच्या आईचं काही खरं नाही. यार्डात सौदे चालले होते. "दुपारनं जाऊ," तवनाप्पा म्हणाले. व्हॅन दारात उभी, किल्ली खुंटीला. दुपार टळली, तरी ते आले नाहीत. शेवटी प्रभावती एकटीच एसटीनं निघाली, जयसिंगपुरात गाडी बदलली, आणि पोचली तेव्हा आईला अंगणात ठेवलं होतं. माघारी आल्यावर ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मला गाडी शिकवा." तवनाप्पा म्हणाले, "हंगाम संपू दे." हंगाम संपला, दुसरा आला. पुढे याच व्हॅनवर त्यांनी प्राचीला हौसेनं गाडी शिकवली, तेव्हा प्रभावती मागच्या सीटवर पाण्याची बाटली धरून बसायची. तिनं परत विचारलं नाही. ती विसरली, असं तवनाप्पांनी आपल्या सोयीनं ठरवून टाकलं.

"आता माझा नियम काय सुटत न्हाय," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"कुठला नियम?"

"गुळाचा."

"त्यो तर आईच्या नावानं सोडलायस न्हवं?"

"आईच्या नावानंच. पर कुठंपातूर सोडला, ते तुमी कवा इचारलंत?"

खरंच विचारलं नव्हतं. जैनाच्या घरात कुणी एखादा पदार्थ सोडला तर त्याला टोकत नाहीत, नियमाचा मान ठेवतात. तवनाप्पांनीही मान ठेवला होता, आणि मान ठेवला की विचारायचं काम उरत नाही.

"चातुर्मासात म्हाराजांपुढं बोलले हुते," प्रभावती म्हणाली. "सोता गाडी चालवत शिरोळला जाईन, तवर गुळाला शिवणार न्हाय."

दर हंगामातला गुळाचा पहिला पिवळाधमक रवा, अख्खी ढेप, तवनाप्पा मोठ्या ऐटीत घरी आणत. ती तो फोडायची, पोळ्या करायची, सगळ्यांना वाढायची. गुळाच्या घरात राहून तिनं इतकी वर्षं बोटभरसुद्धा चाखला नव्हता, आणि त्या नियमाची गाठ सोडणं फक्त त्यांच्या हातात होतं. दोन-चार रविवारांचं काम. तवनाप्पांना स्वतःची अशी लाज वाटली की ते तिथंच दाराला धरून उभे राहिले.

"ऱ्हाऊ दे आता," ते कसेबसे म्हणाले. "पेडलला लाकूड लावून बघतो."

"तुमचं लाकूड ऱ्हाऊ दे. पाट आणा आतला."

तिनं पाट गाडीच्या उघड्या दाराशी ठेवायला लावला, त्यावर बसली, आत वाकली आणि दोन्ही तळवे पेडलवर ठेवले. तवनाप्पा चाकाशी जाऊन आडवे झाले. पाना लावला. पण तो फिरवायचा सोडून ते नुसते पान्याकडं पाहत पडून राहिले.

"अवो, म्हणा की!" पुढून ती ओरडली.

"दाब," ते म्हणाले.

"दाबलंय."

"धर."

"धरलंय!"

या वेळी तेल सणसणीत आलं. बुडबुडे आले, कमी झाले, मग स्वच्छ धार लागली. चारही चाकं होईपर्यंत ती तशीच पाटावर सरकत, कमरेला हात लावत, पेडल दाबत राहिली. त्यांनी 'सोड' म्हटल्याशिवाय एकदाही सोडलं नाही.

चाकं बसवून, ब्रेक तपासून झाल्यावर उन्हं कलता कलता त्यांनी गाडी कळंबा तळ्याच्या अलीकडच्या मोकळ्या माळावर नेली. माळावर चिटपाखरू नव्हतं. तवनाप्पा खाली उतरले आणि तिच्या बाजूचं दार उघडलं.

"तिकडं बस."

"खुळं झालासा काय? पाय कुठाय मला?"

"डावा हाय की. क्लच डाव्या पायानं. पहिल्या गेरात गाडी आपसूक सरकती. ब्रेक माझ्या हातात." ते शेजारी बसले आणि हँडब्रेकवर मूठ घट्ट केली.

तिनं क्लच दाबला, त्यांनी पहिला गिअर टाकला, आणि मग तिनं क्लच हळूहळू सोडला. व्हॅन थरथरली आणि पुढं सरकू लागली, माणूस चालेल त्या चालीनं.  तिनं स्टिअरिंग थोडं डावीकडं वळवलं, गाडी वळली; उजवीकडं वळवलं, गाडी वळली. आणि ती हसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत हसायची तशी. ते हसणं पाहून तवनाप्पांना बरं वाटायला हवं होतं, पण काळजात कळ उठली. एवढ्याशा सुखासाठी आपण हिला केवढं ताटकळत ठेवलं!

बांध जवळ आला तसा त्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी एक हिसका देऊन बंद पडली.

"झालं की," ते म्हणाले. "चालवलीस. घरी गेल्यावर गूळ खा."

प्रभावतीनं मान हलवली. "शिरोळपातूर बोलले हुते. बांधापातूर न्हाय."

दिवस मावळायच्या आत दोघं जेवायला बसली. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी. शेवटचा घास गुळाशिवाय तवनाप्पांना कधी गेला नव्हता. तिनं नेहमीसारखा ताटाच्या कडेला गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो डाव्या हातानं उचलला आणि परत डब्यात टाकला.

"का वो? पित्त झालंय?"

"सोडला."

 तिनं विचारलं, "कुठंपातूर?"

"शिरोळपातूर."

"उद्याच जायचंय की. तुमी चालवत."

"मी चालवून न्हवं," तवनाप्पा म्हणाले.

 प्रभावतीनं डब्याचं झाकण घट्ट लावलं, उठली आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला हात उंच केला. डावी टाच उचलली, उजवी उचलेना. तवनाप्पा ताटावरून उठले, तिच्या हातातला डबा घेतला आणि वर ठेवून दिला.