घडी न मोडलेला डाळिंबी शर्ट

मित्रांनो, मी एक जुना शर्ट आहे. माझा रंग एके काळी डाळिंबी होता. आता तो उन्हाने विटलाय, कोपरं विरली आहेत आणि लाल बटणांच्या रांगेत मधलं एकच बटण पांढरं आहे. त्या बटणाकडे मी शेवटी येतो.

आसेगावचे जानराव जन्मभर पांढरेच शर्ट घालत आले. पण पोहरादेवीच्या यात्रेत एका दुकानापुढे ते थबकले, लाल कापडाला हळूच बोट लावलं आणि कोणी पाहायच्या आत पुढे निघाले. त्यांच्या लेकीने, निकिताने, ते नेमकं पाहिलं. पुण्याला नोकरी लागल्यावर तिने सगळ्यात आधी मला विकत घेतलं.

दिवाळीला तिने मला बाबांच्या हातात ठेवलं. त्यांचा अंगठा माझ्या कॉलरवरून फिरला. मला वाटलं, आता घालतातच! तेवढ्यात त्यांच्या पत्नी, कस्तुराबाई, हसल्या.

"अवो, आता नवरदेव व्हाचं हाये काय? गावात लोकं काय म्हणतीन!"

त्या गमतीनेच बोलल्या हो. पण जानरावांनी मला पेटीत ठेवून दिलं.

आणि तरीही त्यांनी मला घातलं! कस्तुराबाई शेतात गेल्या, की ते आतून कडी लावत. एकेक टाचणी काढून वाटीत ठेवत आणि मला अंगात घालून आरशापुढे उभे राहत. आधी या अंगाने, मग त्या अंगाने. केसांना पाणी लावून भांगसुद्धा पाडत. साठी उलटलेला माणूस इतका लाजतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्या बंद खोलीत मी फार सुखात होतो. पण बाहेर कोणी खाकरलं, की घाईने मला उतरवत. कॉलरखालचा पुठ्ठा जागच्या जागी, टाचण्या त्याच भोकांत. कोणाला संशय यायला नको!

पुढच्या दिवाळीला निकिताने पेटी उघडली. टाचण्या पाहून तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तुमी तं घडीही नाही मोडली! नव्हता आवडला तं सांगाचं होतं."

मित्रांनो, मला तेव्हा तोंड असतं तर! अगं बाई, माझी कॉलर उलटून पाहा, तुझ्या बापाच्या घामाचा डाग आहे तिथे, असं मी ओरडलो असतो. जानरावांना तर तोंड होतं. पण दारात कस्तुराबाई उभ्या होत्या.

"तसं नाही वं..." एवढंच म्हणाले.

निकिताने रागारागात मला खेमाबाबांना देऊन टाकलं. खेमाबाबा त्यांच्याच शेतावर कामाला, वयानेही जानरावांच्या जोडीचे. त्यांनी अंगणातच टाचण्या उपसल्या आणि मला अंगात चढवलं. मी जीव मुठीत धरला. आता सगळे हसणार! पण हसलं कोण? कोणीच नाही. उलट कस्तुराबाईच म्हणाल्या, "खेमाभाऊ, लय शोभून राह्यला तुमाले!"

जानराव ओट्यावर पांढऱ्या शर्टात बसून ऐकत होते.

तेव्हापासून शेतात ते मला रोज पाहतात. मी त्यांना पाहतो. दोघांनाही काही करता येत नाही. एकदा तुरीच्या फांदीत अडकून माझं बटण तुटलं. जानरावांनी इकडेतिकडे पाहिलं, स्वतःच्या शर्टाचं बटण तोडलं आणि खेमाबाबांच्या हातावर ठेवलं. "लावून घे. उघडा नको राहू देऊ त्याले."

परवा शेतातच त्यांना निकिताचा फोन आला. "बाबा, या खेपेस पांढराच आणून राह्यली. तुमाले आवडते तसा."

जानरावांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं केलं, माय," म्हणाले.

मित्रांनो, आम्हाला धुवा, जपा, हे तर मी सांगतोच. पण जे आवडलं ते घालून चारचौघांत जा आणि देणाऱ्याला तसं सांगा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना?